मनमिळाऊ व कष्टाळू

आमच्याकडे दर आठवड्याला जे टपाल येते, त्यात दोन-चार तरी निधनवार्ता असतात. पूर्वी त्या आंतरदेशीय पत्रावर यायच्या, आता मोबाईलवर फोटोसह येतात. मजकूर मात्र बदललेला नाही. अमुक गावचे कालकथित अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले, मृत्युसमयी त्यांचे वय इतके होते, ते मनमिळाऊ व कष्टाळू स्वभावाचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अमुक दिवशी राहत्या घरी होईल. झाली बातमी. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आयुष्य सहा ओळींत बसते, आणि त्यात माणसाविषयी म्हणून शब्द असतात ते दोनच. मनमिळाऊ आणि कष्टाळू.

वाचकहो, हे दोन शब्द आम्ही किती जणांच्या नावापुढे लिहिले याचा हिशेब आमच्यापाशी नाही. लिहिताना कधी हात अडखळला नाही. गेल्या हिवाळ्यात चिंचणीला तो पहिल्यांदा अडखळला, आणि तोही बातमी छापून झाल्यावर. त्याची ही हकीकत आहे.

चिंचणीच्या आबांना आम्ही वीसेक वर्षे ओळखत होतो. सारी वस्ती त्यांना आबाच म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत असू. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडले असते की नाही हे विचारायचे राहून गेले. जयंतीच्या कार्यक्रमात ते कधी व्यासपीठावर बसले नाहीत. सतरंज्या अंथरायला पहिले आणि उचलायला शेवटचे, अशी त्यांची जागा ठरलेली. आलेल्या प्रत्येकाला ‘जेवलात का?’ असे विचारत फिरायचे. ते गेल्याचा फोन नातवाने केला. आम्ही वय विचारले, मुले किती विचारले, आणि बाकीची बातमी न विचारता लिहून टाकली. ती कशी लिहायची हे आम्हाला पाठ होते.

पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो. बोईसरला उतरून चिंचणीची एस. टी. धरली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने मागे पडले की रस्त्याला हळूहळू वाड्या लागतात, आणि शेवटी सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसतो. आबांच्या दारात मांडव घातला होता. वंदना झाली. मग बोलणारे एकेक उठले. पंचायतीतले बोलले, विहाराच्या कमिटीतले बोलले, नातेवाईक बोलले. आबा मनमिळाऊ होते. आबा कष्टाळू होते. आबांनी मुलांना शिकवले. आम्हीही उठलो आणि तेच बोललो. सगळे खरेच होते, पण डोळे मिटून ऐकले असते तर हा कार्यक्रम कुणाचा चालला आहे हे ओळखता आले नसते.

खरे बोलणे सुरू झाले ते जेवणे आटोपल्यावर. मांडवात माणसे सैलावून बसली होती. मासे विकणारी एक मावशी रिकामी पाटी शेजारी ठेवून कोपऱ्यात बसली होती. ती कुणाला उद्देशून नव्हे, अशी सहज म्हणाली, “आता माझी पाटी कोण चढवंल?” विचारले तेव्हा कळले, की सकाळी एस. टी. स्टँडवर भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. आबा कारखान्यात जाताना सायकल भिंतीला टेकवून तिच्या पाटीला हात लावायचे आणि मग पुढे जायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही तेवढ्यासाठी ते स्टँडवर जात राहिले. घरच्यांना वाटे, आबा सकाळी फिरायला जातात.

मग आबांचा एक जुना सोबती बोलू लागला. चिंचणीच्या पंचक्रोशीतले वाचक जाणतात, की इथे दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा फार जुना आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने बारीक नक्षी कोरायची. त्या ठोकळ्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की तीच नक्षी पत्र्यावर उठते. बांगडीवरची वेल, कानातल्याची कळी, पदकावरचे फूल, सारे आधी लोखंडात जन्माला येते. आबा बारा वर्षांचे असताना अशाच एका कारखान्यात झाडलोट करायला लागले. बघून बघून हात बसला आणि ते कोरायला शिकले. हा सोबती त्यांच्याच वयाचा, दुसऱ्या समाजाचा, शेजारच्या पाटावर बसणारा.

तो म्हणाला, “पहिली दोन वर्षे आमच्या माठाला त्याने हात लावायचा नाही, असा रिवाज होता. पाणी वरून ओतायचे. मला ते बरे वाटत नसे, पण बोलायची छाती नव्हती. एक दिवस मालक बाहेर गेले होते. मी माठ त्याच्यापुढे सरकवला, म्हटले, घे तुझ्या हाताने. त्याने घेतले नाही. म्हणाला, मालक असताना सरकव, तेव्हा घेतो.”

मांडवात कुणी बोलेना. सोबत्याने घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाला, “चार दिवस मी झोपलो नाही. पाचव्या दिवशी मालकांच्या देखत सरकवला. मालकांनी पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले. त्या दिवसापासून कारखान्यातला रिवाज सुटला.”

आबांचा थोरला मुलगा आमच्या शेजारी बसला होता. वय साठीला आलेले. तो हळूच म्हणाला, “हे आम्हाला ठाऊक नव्हते.” चौदा-पंधरा वर्षांचा पोर इतका विचार करतो, आपल्याला चोरून मिळणारा मान नको म्हणतो, दुसऱ्याच्या मनातली भीती घालवतो, आणि पुढे सत्तर वर्षे त्याविषयी घरात चकार शब्द काढत नाही. आम्ही या माणसाला ‘मनमिळाऊ’ म्हणून मोकळे झालो होतो! मनमिळाऊ तर तो होताच. पण त्या मिळून वागण्यामागे केवढा कणखरपणा होता, हे त्या शब्दात कुठे आले?

कष्टाचेही तसेच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, देशातले ते पहिलेच. त्याच्या बांधकामावर आबांनी पाट्या वाहिल्या होत्या, एवढे घरात माहीत होते. मजुरी किती मिळे, मुकादम कसा होता, सोबत कोण होते, पायी जायचे की कसे, हे कुणालाच सांगता येईना. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांना कायमची नोकरी मिळाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी दिव्याखाली बसून डाय कोरणे चालूच होते, त्यात चार मुलांची शिक्षणे झाली. सून म्हणाली, “आबांनी हजारो बांगड्यांची नक्षी कोरली असेल. आत्याबाईंच्या हातात कायम काचेच्याच बांगड्या.” डायवर कोरणाऱ्याचे नाव नसते. दागिना मुंबईच्या पेढीत विकला जातो, तिथून देशभर जातो, आणि घालणारीला चिंचणीचे नावही माहीत नसते.

नातवाने मग आतून एक पत्र्याची पेटी आणली. कॉलेजात जाणारा मुलगा. पेटीत आबांनी सारे कागद नीट लावून ठेवले होते. पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, मुलांच्या फीच्या पावत्या, घरपट्टी, जुने रेशनकार्ड. आणि तळाशी दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा मनिऑर्डरच्या पावत्यांचा. दर महिन्याला एक, सलग अकरा वर्षे. सुरुवातीला पंधरा रुपये, पुढे पंचवीस. साऱ्या पावत्या एकाच नावावर, नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कुणा गुरुजींच्या.

हे गुरुजी कोण? मुलाला ठाऊक नाही, मुलींना ठाऊक नाही, जुन्या सोबत्यालाही ठाऊक नाही. आबा चौथीपर्यंत शिकले ते चिंचणीतच, त्यामुळे त्यांना शिकवणारे गुरुजी म्हणावे तर तेही जुळत नाही. पंधरा रुपये ही त्या काळी त्यांच्या पगारातली लहान रक्कम नव्हे. ज्यांना सांगता आले असते त्या आजी चार वर्षांपूर्वीच गेल्या. नातू पावत्या हातात धरून आम्हाला म्हणाला, “काका, तुम्हाला आबांनी कधी काही सांगितले होते का?”

आमच्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते. जे होते ते सांगण्याजोगे नव्हते, पण आज या सदरात ते सांगितलेच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमानंतर सतरंजीची घडी घालता घालता आबा आम्हाला म्हणाले होते, “एकदा निवांत या. एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या पेपरात यायला पाहिजे अशी आहे.” आम्ही म्हणालो, “नक्की येतो, आबा.” आणि गेलो नाही. पावसाळ्यात गैरसोय, दिवाळीत गर्दी, नंतर आमचीच तब्येत. २०१३ पासून चर्चगेटची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. बोईसर काही परदेशात नाही. ती गोष्ट या गुरुजींची होती, की माठाची, की आणखी तिसरीच, हे आता कळायचे नाही. दर आठवड्याला समाजाला उपदेश करणाऱ्या आम्हाला एका म्हाताऱ्या माणसासाठी एक दुपार काढता आली नाही.

परतीच्या गाडीत आम्हाला याच चिंचणीची एक जुनी गोष्ट आठवत राहिली. चिंचणीत राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले आहेत. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या काळी संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांच्या वतीने सुगतिप नावाचा एक अरब वंशाचा अधिकारी कारभार करीत होता. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, संजाणला अन्नछत्र घातले, आणि त्याच्या संमतीने एका मठिकेला दान दिले गेले, असे त्या पटात लिहिले आहे. हजार वर्षांनंतर आपल्याला दान कुणी दिले ते कळते, राज्य कुणाचे होते ते कळते, अन्नछत्रात भात आणि तूप वाढत असत हेही कळते. नाव कोण वल्हवीत होता, ते मात्र कळत नाही. अन्नछत्रात पहाटे उठून चूल कोण पेटवत होते, तेही नाही. त्यांच्यासाठी तांब्याचा पत्रा कुणी वाया घालवला नाही.

ज्यांच्याजवळ तांबे होते त्यांनी आपली आठवण तांब्यावर ठेवली. आपल्या बापजाद्यांपाशी तांबे नव्हते, आणि अक्षरही त्यांच्यापासून दूर ठेवलेले होते. आज आपल्या घराघरात अक्षर आले आहे. मुले इंजिनियर आहेत, मुली शिक्षिका आहेत, प्रत्येकाच्या खिशात आवाज साठवणारे यंत्र आहे. तरीही आपण त्यांच्यासाठी दोनच शब्द खर्च करत असू, तर तो दोष आता दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

हे काम अवघड आहे, ते साहित्यिकांनी करायचे, असे पुष्कळांना वाटते. त्यांना आम्ही एका पुस्तकाची आठवण देऊ इच्छितो. १९९३ साली ग्रंथालीने डॉ. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक काढले. आमच्या पिढीच्या पुष्कळ वाचकांनी ते वाचले आहे. पण ते कसे तयार झाले याकडे थोड्यांचे लक्ष जाते. दामोदर रुंजाजी जाधव हे नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे. येसकरकीच्या पाळीत, विहिरीतल्या एका प्रेताच्या प्रकरणात त्यांनी अंमलदाराचा हुकूम मानला नाही म्हणून मार खाल्ला, आणि गाव सोडून पत्नी सोनूबाईंसह मुंबई गाठली. मिळेल ते काम केले. पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी लागली, वडाळ्याच्या वसाहतीत संसार झाला, मुले शिकून मोठ्या हुद्द्यांवर गेली. सरळ सांगायचे तर आपल्या हजारो घरांतल्या आजोबांची असते तशीच ही कथा.

वेगळे घडले ते एवढेच. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. आयुष्यभर राबलेले हात, ते रिकामे कसे राहणार? तेव्हा धाकट्या मुलाने, म्हणजे नरेंद्र यांनी, त्यांना आपल्या आठवणी लिहून काढायला लावले. दामोदररावांचे शिक्षण असे काही झालेले नव्हते. जेमतेम लिहिता-वाचता येई. पण ते बसले आणि जसे बोलत तसे लिहीत गेले. त्या कागदांवर पुस्तक उभे राहिले. मुलगा अर्थशास्त्रज्ञ होता, रिझर्व्ह बँकेत होता, पुढे पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण पुस्तकाला बळ आले ते बापाच्या त्या लिखाणातून. २००३ मध्ये ते इंग्रजीत विस्ताराने आले, तेव्हा त्यात दामू आणि सोनू दोघेही आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. आईची बाजूही आली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. एकाच संसाराच्या दोन आठवणी असतात आणि त्या क्वचितच सारख्या असतात.

दुसरे उदाहरण थोडे चटका लावणारे आहे. महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी ज्यांनी जिवाचे रान केले, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी, उतारवयात आत्मकथा लिहायला घेतली. ती तरुणपणापर्यंतच आली, आणि १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढचे चरित्र मुलगा सत्येंद्र मोरे यांनी लिहिले आणि २००३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलाने बापाचे काम पुरे केले हे खरेच. पण वडिलांच्या तोंडून जे यायचे ते अर्ध्यावर राहिले, ते राहिलेच.

आणि तिसरे आपल्या भगिनींचे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना शोधत गावोगाव, घरोघर फिरल्या. त्यांच्याशी बोलल्या, त्यांचे बोलणे लिहून घेतले. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघाले. त्या दोघी आणखी दहा वर्षे थांबल्या असत्या, तर त्यांतल्या किती जणी बोलायला उरल्या असत्या?

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी त्याग केला आणि त्याविषयी त्यांना दृष्टी होती, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तेथे लिहिले. सुभेदार रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. जगातल्या अर्थतज्ज्ञांनी वाचायच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर मुलाने बापाला जागा दिली, आणि ती देताना बापाने नेमके काय केले ते सांगितले.

तेव्हा वाचकहो, आपल्यालाही हे करता येण्यासारखे आहे. ते कसे करावे याविषयी, चिंचणीहून आल्यावर आम्ही चार घरांत प्रयत्न केला, त्या अनुभवावरून थोडे सांगतो.

म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचे आयुष्य सांगा’ असे म्हणू नका. ते म्हणतील, “त्यात काय सांगायचंय? कष्ट केले, पोरं वाढवली.” म्हणजे पुन्हा आपले ते दोनच शब्द. त्यापेक्षा लहान प्रश्न विचारा. पहिली मजुरी किती मिळाली आणि ती कुणाच्या हातात दिली? पाणी कुठून आणायचा? शाळेत कुठे बसवायचे? पहिली चप्पल कधी घेतली? मुंबईला आलात तेव्हा पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढली, आणि त्या खोलीत किती माणसे होती? लग्नाला वऱ्हाड कशाने गेले? घरातले देव काढले तेव्हा आजी काय म्हणाली? असा एक प्रश्न नेमका लागला की पाट फोडल्यासारखे पाणी वाहू लागते.

मग आपण गप्प बसावे. मध्येच ‘हे १९५२ चे की ५३ चे?’ असे विचारून त्यांना तोडू नये. साल नंतर कागदावरून काढता येते. रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, शाळेचा दाखला, मनिऑर्डरची पावती, असा एकेक कागद समोर ठेवला तर त्या कागदामागची गोष्ट आपोआप निघते. म्हणून म्हातारी माणसे गेल्यावर त्यांची पेटी रद्दीत काढण्याची घाई करू नका. आणि शक्य तर ती असतानाच, त्यांच्यासमोर, ती पेटी एकदा उघडा.

आजोबांना विचाराल तेव्हा आजींनाही विचारा, आणि वेगळे विचारा. आजोबांसमोर त्या ‘हे म्हणतात तसंच’ असे म्हणून उठून चहा ठेवतील. दुपारी एकट्या असताना विचारलेत, तर आजोबांच्या पगारात महिना कसा काढला याचा पैशापैशाचा हिशेब त्या सांगतील.

मोबाईलवर आवाज जरूर साठवा, पण त्यावर विसंबू नका. मोबाईल हरवतो, बिघडतो. त्याच आठवड्यात वहीत उतरवून काढा, आणि त्यांच्या बोलीतच उतरवा. कोकणातला माणूस कोकणातल्यासारखा बोलू दे, वऱ्हाडातला वऱ्हाडातल्यासारखा. त्यांची भाषा ‘सुधारून’ लिहिली, तर बोलणारा माणूस त्यातून निघून जातो. वही तपासायला कुणी परीक्षक येणार नाही.

आणखी एक. आपल्या वडीलधाऱ्यांना केवळ सोसणारे किंवा केवळ लढणारे करू नका. ते पत्ते खेळत असतील, तमाशाला जात असतील, रागावत असतील, कधी चुकलेही असतील. आबा मटणाच्या रश्श्यात मीठ कमी पडले की दिवसभर घुमे बसत, असे त्यांच्या सुनेने हसत हसत सांगितले, आणि त्या क्षणी आम्हाला ते पुन्हा डोळ्यांसमोर दिसले. एखादी गोष्ट सांगून ते म्हणाले, की ‘हे लिहू नको’, तर लिहू नका. विश्वासाने सांगितलेले घरातच राहू दे.

काही घरांत वडीलधारे बोलतच नाहीत. जे भोगले ते मुलांना कळू नये, त्यांची मान खाली जाऊ नये, असे त्यांना वाटते. आबाही कदाचित याच कारणाने गप्प राहिले. अशा वेळी बळजबरी करू नये. पण त्यांचे सोबती असतात, शेजारी असतात, पाटी चढवून घेणारी मावशी असते. त्यांच्याकडे जावे. माणूस जितका मनमिळाऊ, तितक्या अधिक लोकांकडे त्याचे तुकडे ठेवलेले असतात. ते वेळेत गोळा करावे लागतात, कारण ते ज्यांच्याकडे आहेत, तीही माणसे थकलेली असतात.

चिंचणीचा तो नातू स्वस्थ बसला नाही. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले, चक्क पोस्टाने. त्याने दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर माठाची गोष्ट त्या सोबत्याच्या शब्दांत लिहून, ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: चार दिवस नव्हे, सहा दिवस झोपलो नव्हतो. मावशीचे दोन पानी बोलणे आहे. अणुवीज केंद्राच्या बांधकामावर सोबत असलेले एक गृहस्थ त्याला डहाणूकडे सापडले. त्यांना आता ऐकू कमी येते, म्हणून हा प्रश्न मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखवतो आणि ते उत्तर देतात.

गुरुजींच्या पत्त्यावर त्याने पत्र टाकले होते. ते ‘पत्त्यावर इसम नाही’ असा शेरा मारून परत आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो स्वतः त्या गावी जाऊन येणार आहे. तिथे कुणाला काही आठवत असेलच असे नाही, हे त्यालाही कळते. त्याने लिहिले आहे, “काका, वहीत त्यांच्यासाठी चार पाने कोरी सोडली आहेत.”

त्या चार पानांचे ऋण आमच्यावर आहे. आबांनी बोलावले तेव्हा आम्ही गेलो असतो, तर ती आज कोरी नसती. ते ऋण आता आबांना फेडता येणार नाही, म्हणून आम्ही एक ठरवले आहे. यापुढे निधनवार्ता पाठवणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही विचारणार आहोत, की मनमिळाऊ होते म्हणजे काय करत होते, ते एका वाक्यात सांगा. कष्टाळू होते म्हणजे कोणते काम करत होते, तेही सांगा. सहा ओळींच्या जागी आठ ओळी होतील. जागा आम्ही करू.

आणि ज्यांच्या घरी आजोबा, आजी, आई, वडील अजून दारात खुर्ची टाकून बसलेले आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती. पुढच्या महिन्यात नव्हे, येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा. दुपारचे जेवण झाल्यावर, ती सुपारी कातरत असताना, पहिल्या मजुरीविषयी विचारा. आणि त्यांनी कधी म्हटले, की ‘एकदा निवांत ये, एक गोष्ट सांगायची आहे’, तर आमच्यासारखे ‘नक्की येतो’ म्हणून निघून जाऊ नका. तिथेच बसा.